एफ-८ दाबलं की बोर्ड विस्कटतो: कीकॅडमध्ये स्कीमॅटिक आणि बोर्ड जुळत नाहीत तेव्हा

कीकॅड हा सर्किट बोर्ड आखायचा प्रोग्रॅम. त्यात स्कीमॅटिक म्हणजे सर्किटचा नकाशा, आणि एफ-८ दाबलं की त्यातले बदल बोर्डाच्या मांडणीवर उतरतात. त्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. स्कीमॅटिकमध्ये एका रेझिस्टरची किंमत बदलली, एफ-८ दाबलं, आणि बोर्डावर नीट मांडून ट्रॅक (तांब्याच्या वाटा) ओढलेले भाग जागच्या जागी असतानाच तेच भाग दुसऱ्यांदा माउसला लटकून आले. किंवा नवं काही आलं नाही, पण कोपऱ्यातली चार स्क्रूची भोकं गायब झाली. किंवा पडद्यावर सगळं ठीक दिसलं, आणि बोर्ड बनून आल्यावर कळलं की ट्रान्झिस्टर उलटा बसतोय. हे तिन्ही प्रकार माझ्या हातून झालेत, आणि तिन्ही एकाच बोर्डावर. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

मी गोव्यात फोंड्याला छोटं वर्कशॉप चालवतो. कंट्रोल पॅनेल, स्टार्टरची दुरुस्ती, पंपाचे टायमर, आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस नरकासुर. मान फिरवणारे, डोळे वटारणारे, हातातली गदा वरखाली करणारे नरकासुर हल्ली प्रत्येक वाड्याला हवे असतात आणि त्यांच्या मोटारी चालवायला कुठलातरी बोर्ड लागतो. (पहाटे पुतळा पेटवायच्या आधी पोटातला बोर्ड काढून घ्यायचा असतो. एका वर्षी विसरलो.) हे सगळे बोर्ड मी कीकॅडमध्ये करतो. फुकट आहे, मोकळं आहे, फाइली साध्या मजकुराच्या आहेत आणि लायसन्स संपलं म्हणून कुणी दार लावत नाही. ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकानं १९९२ साली सुरू केलेलं हे काम आज इतकं पुढे आलंय की माझ्यासारख्याला दुसऱ्या कशाची गरजच पडत नाही.

ज्या बोर्डानं मला धडा दिला तो मात्र नरकासुराचा नव्हता. सावईवेरेला आमच्या मामांचं कुळागर आहे. सुपारी, माड, मध्ये मिरीच्या वेली. पाऊस सरला की शिंपणं सुरू, ते थेट मे अखेरपर्यंत. दोन पंप, एक विहिरीवर, एक खालच्या तळीवर. वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून तळीत पाणी असेल तरच पंप सुरू व्हावा, एकाच वेळी दोन्ही सुरू होऊ नयेत, कोरडा चालला तर बंद पडावा, असा साधा बोर्ड. एटीमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर, दोन रिले, करंट मोजायला एलएम३५८ ही ऑप-अँपची (सिग्नल वाढवणारी) चिप, एकूण ४७ भाग. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मांडणी तो करणार होता आणि स्कीमॅटिक मी.

दोन माणसं, दोन कॉम्प्युटर, एक पेनड्राइव्ह. गोंधळाची तयारी इथेच पूर्ण झाली होती.

आधी नातं कशानं बांधलंय ते

बहुतेकांना वाटतं की स्कीमॅटिकमधला आर७ आणि बोर्डावरचा आर७ हे 'आर७' या नावानं बांधलेले असतात. नसतात. नाव हे हाक मारायचं नाव आहे. रेशनकार्डावरचं नाव वेगळंच असतं आणि ते तुम्हाला दिसत नाही.

सिंबॉल, म्हणजे भागाचं चिन्ह, स्कीमॅटिकवर ठेवला त्या क्षणी कीकॅड त्याला एक लांबलचक ओळखक्रमांक देतं. बोर्डावरच्या फूटप्रिंटमध्ये (भाग बसायच्या जागेच्या आराखड्यात) तोच क्रमांक लिहिलेला असतो, आणि त्याच्याआधी तो सिंबॉल स्कीमॅटिकच्या कुठल्या पानावर, म्हणजे शीटमध्ये, आहे त्या शीटचा क्रमांकही. म्हणजे पूर्ण पत्ता. एफ-८ दाबलं की कीकॅड हा पत्ता जुळवतं. पत्ता जुळला तर नाव, किंमत, नेट (कुठली पिन कुणाला जोडलीय ते), जे काही बदललं असेल ते बोर्डावर उतरवतं. पत्ता जुळला नाही तर त्याच्या लेखी तो भाग बोर्डावर नाहीच, भले त्याच नावाचा भाग समोर बसलेला असो.

चौथ्या आवृत्तीपर्यंत हे काम नेटलिस्टची, म्हणजे भाग आणि जोडण्यांच्या यादीची, फाइल काढून आणि दुसऱ्या बाजूला ती वाचून व्हायचं. २०१८ साली पाचवी आवृत्ती आली तेव्हा एफ-८ चा सरळ रस्ता झाला, आणि २०२१ च्या डिसेंबरात सहावी आली तेव्हा फाइलींचं स्वरूप आणि हे लांब ओळखक्रमांक दोन्ही आजच्यासारखे झाले. काही लॅबमध्ये पोरांना अजून नेटलिस्ट काढायला शिकवतात. चालतं, पण मग जुनी नेटलिस्ट फाइल फोल्डरमध्ये पडून राहते, कुणीतरी चार दिवसांनी तीच वाचून टाकतं, आणि बोर्ड चार दिवस मागे जातो. फोल्डरमध्ये नेटलिस्टची फाइल दिसली तर मी ती आधी पुसून टाकतो.

पहिली तपासणी: यादी वाचा

एफ-८ दाबल्यावर जी खिडकी उघडते त्यात खाली एक यादी येते: काय काय बदलणार आहे याची. बोर्डाला अजून हात लागलेला नसतो. खालचं 'अपडेट पीसीबी' बटण दाबेपर्यंत ती फक्त यादीच असते. आपण सगळे ती न वाचता बटण दाबतो, बँकेच्या फॉर्मवर सही करतो तसं.

ती यादीच निदान आहे. वरच्या सगळ्या चौकटींतल्या खुणा काढून टाका आणि वाचा.

आर७ बोर्डावर असताना यादी म्हणतेय की आर७ नव्यानं घालणार, तर पत्ता तुटलाय. आर७ चं नाव बदलून आर१२ करणार म्हणत असेल, तर पत्ता शाबूत आहे आणि फक्त क्रमांक दोन्हीकडे वेगळे झालेत. एखाद्या पॅडला (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या जागेला) नेट नाही किंवा पिनेला पॅड सापडत नाही म्हणत असेल, तर सिंबॉल आणि फूटप्रिंट यांचं आपसांत जमत नाही. तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की काय होतं ते पुढे सांगतो.

एक सावधगिरी: स्कीमॅटिकमध्ये भागावर क्लिक केलं की बोर्डावर तो भाग उजळतो. ते बघून 'नातं ठीक आहे' असा निष्कर्ष काढू नका. मी काढला होता.

त्याच भागाची दुसरी प्रत येऊन पडते

पत्ता तुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कट-पेस्ट. रिलेचा भाग पानाच्या उजवीकडे न्यायचा होता, मी सगळं निवडून कंट्रोल-एक्स केलं आणि दुसरीकडे कंट्रोल-व्ही. डोळ्यांना तेच सिंबॉल दिसतात, पण पेस्ट केलेल्या प्रत्येक गोष्टीला कीकॅड नवा ओळखक्रमांक देतं. बोर्डावरचे जुने फूटप्रिंट जुन्या क्रमांकाची वाट बघत बसतात, आणि नवे सिंबॉल स्वतःसाठी नवे फूटप्रिंट मागतात.

त्याच पानावर हलवायचं असेल तर कट-पेस्ट करूच नका. निवडून एम दाबा, हलतं. तारा जोडलेल्या ठेवून ओढायचं असेल तर जी. पत्ता तसाच राहतो.

दुसऱ्या शीटमध्ये न्यायचंच असेल तर कट-पेस्टला इलाज नाही. तेव्हा साधं पेस्ट न करता 'पेस्ट स्पेशल' घ्या आणि आर७ सारखे आहेत तेच क्रमांक ठेवा असा पर्याय निवडा. मग एफ-८ च्या खिडकीत सगळ्यात वर जी चौकट आहे, रेफरन्सवरून (आर७ सारख्या नावावरून) फूटप्रिंट पुन्हा जोडा या अर्थाची, ती खूण करून यादी परत वाचा. आता 'नव्यानं घालणार' ही ओळ गेली पाहिजे. गेली असेल तर बटण दाबा, आणि दाबून झाल्यावर ती खूण काढून टाका. हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी पाळलं नाही.

एलएम३५८ सारख्या भागांत हाच रोग जरा लपून येतो. एका डब्यात दोन ऑप-अँप आणि वीजपुरवठ्याचा तिसरा तुकडा, असे स्कीमॅटिकमध्ये तीन सिंबॉल असतात. त्यातला एकच कट-पेस्ट केला की त्याला यू३ असं नवं नाव मिळू शकतं, आणि बोर्डावर आठ पायांची एक आख्खी जादा चिप येऊन बसते. यादीत अनपेक्षित चिप दिसली की आधी स्कीमॅटिकमध्ये तिचे सगळे तुकडे एकाच नावाचे आहेत का ते बघा.

एकच शीट दोनदा वापरली असेल, जसं आमच्याकडे दोन पंपांसाठी एकच ड्रायव्हर शीट होती, तर शीट पुसून परत घातल्यावर आतल्या सगळ्याच भागांचे पत्ते एकदम बदलतात. कारण पत्त्यात शीटचाही क्रमांक असतो. औषध तेच, फक्त जोडण्याआधी दोन्ही शीटमधले क्रमांक पूर्वीचेच आहेत हे एकेक तपासून घ्या. पहिल्या पंपाचे भाग दुसऱ्याच्या नावावर गेले तर बाहेरून काही कळत नाही.

क्रमांक अदलाबदल: ज्या चौकटीनं वाचवलं तिनंच बुडवलं

आता मुख्य गोष्ट.

मामेभावानं मांडणी पुरी केली. बोर्ड हातानं सोल्डर करायचा, त्यामुळे आर१, आर२, आर३ असे डावीकडून उजवीकडे ओळीनं असले तर बरं, म्हणून त्यानं बोर्ड एडिटरच्या टूल्समधून 'जिओग्राफिकल रीॲनोटेट' चालवलं. अगदी शहाणपणाचं काम. जागेप्रमाणे सगळ्यांना नवे क्रमांक मिळाले. त्यानं बोर्ड सेव्ह केला, फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला आणि चवथीच्या गडबडीत गावी गेला. हे नवे क्रमांक स्कीमॅटिकला कळवायचे राहून गेले.

चवथ झाली, माटोळी उतरली, आणि मी तो फोल्डर उघडला. रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला मी ४.७ किलोओहम ठेवला होता, तो १ किलोओहम करायचा होता. आर९. किंमत बदलली, एफ-८ दाबलं. आदल्या आठवड्यातल्या कट-पेस्टमुळे रेफरन्सवरून जोडायची खूण करायची हाताला सवय लागली होती. केली. यादीत बऱ्याच ओळी होत्या, पण 'नव्यानं घालणार' असं कुठेच नव्हतं, म्हणून निर्धास्त होऊन बटण दाबलं.

बोर्डावर एकही भाग जागचा हलला नाही. पण अजून ट्रॅक न ओढलेल्या जोडण्या दाखवणाऱ्या पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं, ज्याला रॅट्सनेस्ट म्हणतात, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. डीआरसी, म्हणजे बोर्डाची नियम-तपासणी, चालवलं तर पानभर शॉर्ट.

झालं होतं ते असं. माझ्या स्कीमॅटिकमधला आर९ म्हणजे बेसचा रेझिस्टर. बोर्डावर आता आर९ हे नाव होतं ते एलईडीच्या रेझिस्टरला. पत्त्यानं बघितलं असतं तर कीकॅडला कळलं असतं की हा तोच जुना बेसचा रेझिस्टर, फक्त नाव बदललंय. पण मीच त्याला सांगितलं होतं की पत्ता सोड, नाव बघ. त्यानं इमानदारीनं एलईडीजवळच्या रेझिस्टरला बेसचं नेट दिलं, त्याच्या ट्रॅकवर दुसराच सिग्नल आला, आणि असं तेवीस रेझिस्टरांच्या बाबतीत. सगळे एकाच मापाचे, त्यामुळे फूटप्रिंट बदलल्याची एकही ओळ यादीत नव्हती. कनेक्टर वेगवेगळ्या मापाचे असते तर निदान तिथे तरी डोळा थांबला असता.

म्हणजे पत्ता तुटलेला असताना जी चौकट औषध असते, तीच क्रमांक बदललेले असताना विष. या एका गोष्टीसाठी ही सगळी पोस्ट लिहितोय.

सुटका सोपी निघाली, कारण मी बोर्ड सेव्ह केला नव्हता. सेव्ह न करता बंद केला, परत उघडला. मग दिशा उलटी घेतली: स्कीमॅटिक एडिटरच्या टूल्समध्ये 'अपडेट स्कीमॅटिक फ्रॉम पीसीबी' आहे. त्यात फक्त रेफरन्स डेझिग्नेटरची खूण ठेवली. किंमती, फूटप्रिंट, नेटची नावं, सगळ्या खुणा काढल्या, आणि रेफरन्सवरून जोडायची खूण तर अर्थातच काढली. बोर्डावरचे नवे क्रमांक स्कीमॅटिकवर आले. बेसचा रेझिस्टर आता आर३ होता. त्यानंतर एफ-८, सगळ्या खुणा काढून. यादीत किंमतीची एकच ओळ: आर३ ची किंमत ४.७ किलोओहमवरून १ किलोओहम. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सेव्ह केलं असतं तर? कीकॅड प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच बॅकअपचा वेगळा फोल्डर ठेवून त्यात झिप फाइली साठवतं. तिथून कालचा बोर्ड काढता येतो. पण मी आता त्याच्यावर अवलंबून राहत नाही, एफ-८ च्या आधी गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) एक नोंद करतो. फाइली मजकुराच्या असल्यामुळे काय बदललं हेही वाचता येतं. दोघांनी एकाच वेळी एकच बोर्ड बदलून मग गिटकडून ते एकत्र करवून घ्यायची आशा मात्र धरू नका. तो मार्ग रडवतो.

भोकं गायब

बोर्डाच्या चार कोपऱ्यांतली ३.२ मिलिमीटरची भोकं मामेभावानं थेट बोर्डावर ठेवली होती, स्कीमॅटिकमध्ये त्यांचा पत्ताच नव्हता. 'सिंबॉल नसलेले फूटप्रिंट पुसा' अशी एक चौकट आहे, ती खूण केली की ही भोकं पहिली बळी पडतात. तीन उपाय आहेत: भोकाच्या प्रॉपर्टीत 'नॉट इन स्कीमॅटिक' ही खूण करा, किंवा ते लॉक करा आणि लॉक ओलांडायची चौकट मोकळी ठेवा, किंवा स्कीमॅटिकमध्येच माउंटिंग होलचे सिंबॉल ठेवा. मी तिसरा उपाय करतो. स्कीमॅटिक बघून कळलं पाहिजे की बोर्डाला चार भोकं आहेत, डबा विकत आणायला जाताना तेच बघायचं असतं.

पिनेला पॅड सापडत नाही, आणि त्याहून वाईट: सापडतो

सिंबॉलची पिन आणि फूटप्रिंटचा पॅड हे क्रमांकानं जुळतात. पिन १ पॅड १ ला, बस. अक्षरही चालतं, पण दोन्हीकडे तेच हवं. इंटरनेटवरून उतरवलेल्या डायोडच्या फूटप्रिंटवर पॅडांना ए आणि के अशी नावं असतात, आणि कीकॅडच्या डायोड सिंबॉलवर १ म्हणजे कॅथोड, २ म्हणजे ॲनोड. एफ-८ तक्रार करतं, रेषा येत नाही. फूटप्रिंट एडिटरमध्ये पॅडांची नावं बदलली की झालं. पोटाखाली मोठा पॅड असलेल्या चिपमध्येही हेच होतं: फूटप्रिंटला तो पॅड आहे, सिंबॉलला ती पिन नाही. अशी चिप वापरत असाल तर तो पॅड ग्राउंडला लागलाय हे डोळ्यांनी बघा.

या तक्रारी परवडल्या, कारण त्या दिसतात. न दिसणारी चूक अशी.

मी स्कीमॅटिकमध्ये एनपीएन ट्रान्झिस्टरचा सर्वसाधारण सिंबॉल घेतला होता, शेवटी ईबीसी असं लिहिलेला. म्हणजे पिन १ एमिटर, २ बेस, ३ कलेक्टर. फूटप्रिंट टीओ-९२, म्हणजे तीन पायांचा नेहमीचा प्लास्टिकचा ट्रान्झिस्टर. हा सिंबॉल २एन३९०४ ला बरोबर आहे. पण ड्रॉवरमध्ये होते बीसी५४७, आणि त्याच्यात पिन १ कलेक्टर, ३ एमिटर. कीकॅडच्या नजरेतून सगळं चोख. एफ-८ ला तक्रार नाही, डीआरसी साफ, स्कीमॅटिक-बोर्ड जुळणीची तपासणी साफ. जुळलंच होतं की! दोन्हीकडे सारखंच चुकीचं होतं.

पाच बोर्ड आले. पहिला जोडला, १२ व्होल्ट दिले. रिले कधी ओढायचा, कधी नुसता कुरकुरायचा. उलटा लागलेला ट्रान्झिस्टर थोडाबहुत चालतो, हाच त्रास. अजिबात चालला नसता तर तासाभरात सापडला असता. बीसी५४७ ची एमिटर-बेस बाजू ६ व्होल्टच सोसते आणि इथे कॉइलमधून बारा येत होते. मीटर घेऊन अर्धा दिवस घालवल्यावर मामेभाऊ म्हणाला, "दादा, हो उलटो बसला काय रे?" आम्ही ट्रान्झिस्टर काढला, अर्धा वळसा फिरवून बसवला. टीओ-९२ चे तीन पाय एका ओळीत, बेस मध्ये, त्यामुळे फिरवला की १ आणि ३ ची अदलाबदल आपोआप होते. बोर्डावर छापलेला ट्रान्झिस्टरचा इंग्रजी डी सारखा आकार एका बाजूला तोंड करून आणि ट्रान्झिस्टर दुसऱ्या बाजूला, असे ते पाचही बोर्ड आहेत. मामांना काही फरक पडत नाही, मला तो डी बघितला की पडतो.

उपाय: सर्वसाधारण सिंबॉल टाळा, लायब्ररीत बीसी५४७ याच नावाचा सिंबॉल आहे तो घ्या. आणि हातात जो भाग आहे त्याची डेटाशीट उघडून पिना मोजा.

नेटचं नाव बदललं की

तांब्याचा भरलेला भाग, म्हणजे झोन, नेटच्या नावाला बांधलेला असतो. स्कीमॅटिकमध्ये ग्राउंडचं नाव बदललं तर एफ-८ बहुतेक वेळा झोनलाही नव्या नावावर नेतं, पण सगळं नेहमी जमत नाही. 'या झोनला एकही पॅड जोडलेला नाही' अशा अर्थाची सूचना आली तर झोनच्या प्रॉपर्टीत जाऊन नेट हातानं निवडा, मग बी दाबून झोन परत भरा.

याहून चोरटी गोष्ट ट्रॅकच्या रुंदीची. ज्या तारेला तुम्ही नाव दिलेलं नसतं तिला कीकॅड स्वतःच नाव देतं, एखाद्या भागाचा क्रमांक आणि पिनेवरून. भागाचा क्रमांक बदलला की ते नावही बदलतं. रिलेच्या जाड तारेसाठी तुम्ही त्या नावाला रुंद ट्रॅकचा नेट क्लास लावला असेल तर तो नव्या नावाला लागत नाही, आणि पुढचे ट्रॅक गुपचूप बारीक पडतात. शीटचं नाव बदललं तरी आतल्या लेबलांच्या नेटची नावं बदलतात, कारण शीटचं नाव त्यांच्या पुढे जोडलेलं असतं. ज्या तारेत करंट आहे किंवा जिच्यासाठी काही नियम लावलाय तिला एल दाबून स्वतःचं लेबल द्या. बाकीच्यांना गरज नाही.

लायब्ररीत दुरुस्त केलं, बोर्डावर आलं नाही

येणार नाहीच. बोर्ड प्रत्येक फूटप्रिंटची स्वतःची प्रत बाळगतो आणि सहाव्या आवृत्तीपासून स्कीमॅटिकही सिंबॉलची. एफ-८ मधली 'फूटप्रिंट बदला' ही चौकट फक्त स्कीमॅटिकमध्ये वेगळा फूटप्रिंट नेमला असेल तर बदलते. त्याच फूटप्रिंटची लायब्ररीतली नवी प्रत आणायला बोर्ड एडिटरच्या टूल्समध्ये 'अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी' वेगळं आहे, सिंबॉलसाठी स्कीमॅटिककडे तसंच. उलट कुणी बोर्डावरच फूटप्रिंट बदलला असेल तर पुढच्या एफ-८ ला याच चौकटीमुळे तो परत जुना होतो. बोर्डावर बदललं असेल तर लगेच स्कीमॅटिककडे पाठवा.

एफ-८ चालतच नाही

बोर्डाच्या फाइलीवर थेट डबल-क्लिक करून उघडली असेल. तेव्हा एडिटर एकटा उघडतो आणि त्याला स्कीमॅटिक कुठेय ते माहीत नसतं. बंद करा, प्रोजेक्टची फाइल उघडा, तिथून पुढे जा. कुणी पेनड्राइव्हवर नुसती बोर्डाची फाइल आणून देत असेल तर त्याला परत पाठवा आणि पूर्ण फोल्डर आणायला सांगा.

आवृत्ती दोघांकडे एकच ठेवा. उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या साठ्यातून कीकॅड ६ येतं, २४.०४ मधून ७. माझ्याकडे ८ होतं. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, मग मामेभाऊ आपल्याकडची मागची प्रत उघडून काम सुरू ठेवायचा आणि आमच्याकडे दोन बोर्ड तयार व्हायचे. कीकॅडच्या वेबसाइटवरून दोघांनी एकच आवृत्ती घेतली तेव्हा हे थांबलं.

बनवायला पाठवण्याआधी

डीआरसीच्या खिडकीत बोर्ड आणि स्कीमॅटिक यांची जुळणी तपासायची एक चौकट असते, सहाव्या आवृत्तीपासून. ती खूण करूनच डीआरसी चालवा. कमी असलेला, जादा असलेला, वेगळ्या नेटवर असलेला भाग ती दाखवते. ट्रान्झिस्टर उलटा आहे हे ती सांगणार नाही, ते वर आलंच आहे.

आणि आमच्याकडे आता एक नियम आहे: क्रमांक कुणी बदलायचे ते ठरलेलं. मांडणी करणारा बदलतो, आणि बदलले की त्याच बैठकीत स्कीमॅटिककडे पाठवून मगच उठतो. बाकी सगळं, किंमत, नेट, फूटप्रिंट, आधी स्कीमॅटिकमध्ये.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. वरच्या बाजूला नवी बोअर मारलीय, तिसरा पंप लावायचाय. मामेभावानं ड्रायव्हरची शीट तिसऱ्यांदा घातली, क्रमांक दिले, एफ-८ दाबलं आणि मला स्क्रीनचा फोटो पाठवला. यादीत चौदा ओळी, चौदाही 'नव्यानं घालणार' अशा, जुन्या ४७ पैकी एकाचंही नाव नाही. ट्रान्झिस्टरच्या ओळीभोवती त्यानं लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, "सीबीई. मोजून घेतलेत."